चार वाजताची खूण

सर आमच्या घरी आले तेव्हा मी गच्चीवर आमसुलं उलटीपालटी करत होते. ते महाडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पोलादपूरच्या रस्त्याला वृद्धांसाठी एक सेवाकेंद्र आहे, त्याच्या ट्रस्टचे सचिव. चहा नको म्हणाले आणि खिशातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं.

पत्र तुडीलच्या एका बाईचं होतं, वहीच्या दोन पानांवर लिहिलेलं. तिची आई वर्षभर केंद्रात होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती उठू शकत नव्हती. आईच्या पाठीला मोठी जखम झाली आहे असं या मुलीला कुणीतरी सांगितलं होतं. केंद्रात विचारलं तर ‘किरकोळ आहे, औषध लावतोय’ एवढंच उत्तर मिळालं. ती भेटायला गेली तेव्हा आईच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर होती आणि ‘आत्ताच झोपल्यात, उठवू नका’ म्हणून तिला परत पाठवलं. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘मी जास्त शिकलेली नाही, पण वास मला कळतो.’

“सिस्टर, तुमची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली,” सर म्हणाले. “आम्ही ट्रस्टी मंडळी तिथे जातो, भिंतींचा रंग बघतो, आमटी चाखतो आणि परत येतो. सेवा बरी का वाईट, ते आम्हाला काय कळणार? तुम्ही एक दिवस जाऊन बघा. जे दिसेल ते लिहून द्या.”

मी लगेच हो म्हणाले नाही. केंद्राची प्रमुख माझ्या हाताखाली तयार झालेली होती. वीस वर्षांपूर्वी ती विद्यार्थिनी म्हणून आमच्या वॉर्डात आली, तेव्हा इंजेक्शन देताना तिचा हात थरथरायचा. तो हात मी धरून धरून स्थिर केला होता. तिच्या लग्नाला मी गेले होते. हे मी सरांना सांगितलं.

“म्हणजे तुमच्यापासून ती काही लपवणार नाही,” सर म्हणाले.

मी एकच अट घातली, की येणार आहे हे तिथे कळवायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

दोन दिवसांनी, मे महिन्याच्या ऐन उन्हात, सर मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. केंद्र रस्त्यापासून जरा आत, चढावर आहे. फाटकातून शिरताना फिनेलचा वास आला आणि मी सरांकडे पाहिलं. पायऱ्या अजून ओल्या होत्या. व्हरांड्यात चार आजोबा एकाच रंगाचे, घड्या न मोडलेले सदरे घालून खुर्च्यांत बसवलेले होते. सरांनी नजर वळवली. नंतर कळलं, दुसऱ्या एका ट्रस्टींना त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं आणि त्या ट्रस्टींनी तो विश्वास फोनवरून केंद्रापर्यंत पोचवला होता.

केंद्राची प्रमुख दारात हसत उभी होती. “सिस्टर, या ना. किती दिवसांनी,” म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मला ते अवघड गेलं.

केंद्रात एकोणीस जण राहत होते. सात जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले. बहुतेकांची मुलं मुंबईत, वसईत, डोंबिवलीत. गावचं घर कुलूपबंद आणि आईबाप इथे. मी पुरुषांच्या बाजूपासून सुरुवात केली. कागद मी आधी कधीच बघत नाही. आधी पाणी बघते. तांब्या माणसाच्या हाताला पोचतो आहे का, का खिडकीत शोभेला ठेवला आहे, यावरून पुष्कळ कळतं. मग नखं, ओठ, टाचा. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती वेळात परत बसते ते पाहायचं.

पुरुषांचं तसं बरं होतं. एका आजोबांचे ओठ सुकलेले होते, मी त्यांना पाणी पाजलं. ते सलग तीन भांडी पाणी प्यायले. प्रमुख म्हणाली, “उन्हाळा आहे ना, कितीही द्या, पुरत नाही.” मी वहीत लिहून घेतलं. ती माझ्या वहीकडे बघत होती.

बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या. तिथली आया चाळिशीची, बिरवाडीहून येणारी. पदर खोचून ती एका आजीचे केस विंचरत होती. मला बघून उठून उभी राहिली. प्रमुख मला पहिल्या तीन खाटांजवळून नेत होती, प्रत्येकीची माहिती देत होती, साखर, दाब, मोतीबिंदू. खिडकीखालच्या खाटेजवळून मात्र ती तशीच पुढे गेली.

“या?” मी विचारलं.

“तुडीलच्या आजी. आत्ताच अंघोळ घातली, झोपल्यात. आपण आधी स्वयंपाकघर बघू या का? मग जेवणाची गडबड होईल.”

मी थांबले. चादर गळ्यापर्यंत ओढलेली होती. पंखा डोक्यावर फिरत होता, तरी फिनेलच्या खालून तो दुसरा वास आला. गोडसर, कुजका. माझ्या सगळ्या नोकरीत तो ओळखायला मी कधी चुकलेली नाही. मी आजींच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

त्यांनी डोळे उघडले. “कोन गो तू?”

“मी सिस्टर, आजी. महाडहून आलेय.”

“पाठ लय जळते गो,” त्या म्हणाल्या आणि माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, पण त्या सोडतही नव्हत्या.

मी आयाला म्हटलं, “जरा हात लाव, कुशीवर घेऊ.” प्रमुख पुढे झाली. “सिस्टर, दुखतं त्यांना. सकाळीच ड्रेसिंग केलंय.” मी तिच्याकडे न बघता चादर खाली केली. आया दुसऱ्या बाजूने आली. तिने आजींच्या खांद्याखाली आणि मांडीखाली इतक्या सराईतपणे हात घातले, की मला कळलं, हे काम ही रोज करते.

माकडहाडावर गॉझची जाड घडी होती, पिवळी पडून भिजलेली. ती मी सोडवली. जखमेत माझी मूठ मावली असती. कडा काळ्या, आतून पू, आणि तळाशी पांढरं काहीतरी दिसत होतं. ते हाड होतं. सर दारात उभे होते. ते व्हरांड्यात निघून गेले.

नाडी मोजली, एकशे अठरा. दाब उतरलेला. हाताची कातडी चिमटीतून सोडली तर तशीच उभी राहिली.

खाटेच्या पायाशी कूस बदलण्याचा तक्ता लावला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि त्या वेळेपुढे खूण करायची असते. तेवढ्यावर जखम टळते किंवा होते. मी तक्ता काढून हातात घेतला. गेल्या तीन आठवड्यांत एकही चौकोन रिकामा नव्हता. सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाने, एकाच कलाने, शाळेतल्या कित्त्यासारख्या केलेल्या. मग आजच्या ओळीवर नजर गेली. सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार. चारपुढेही खूण होती. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजत होते.

मी तक्ता तिच्यासमोर धरला. “चार वाजले का गं?”

आयाला तिने डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. मग हळू आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, “सिस्टर, कागद कसे भरतात ते तुम्हाला माहितीये. मी ते तुमच्याकडूनच शिकले.”

मला तो वॉर्ड आठवला. बेचाळीस खाटा, खाली गाद्या घातलेल्या वेगळ्या, मी आणि दोन विद्यार्थिनी. सकाळचं तापमान सहाला घ्यायचं, डॉक्टर आठला येणार. थर्मामीटर तीन, त्यातला एक फुटका. मी चालत चालत कागदावर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहीत जायची. ज्याचं अंग गरम वाटेल त्याचंच खरं मोजायची. ही मुलगी थर्मामीटर झटकत माझ्यामागे धावत असायची. एकदा तिने विचारलं होतं, “न घेता लिहायचं?” मी म्हटलं होतं, “आधी कागद पुरा कर. वेळ मिळाला की घे.” त्या पावसाळ्यात एका बाळंतिणीचा ताप दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. ती वाचली. वाचली म्हणून मी तो दिवस विसरू शकले.

हे सगळं मला आजींच्या खाटेशी उभं राहून आठवलं, आणि आजी माझं मनगट धरून होत्या.

“ते आपण नंतर बोलू,” मी म्हटलं. “आधी यांना महाडला न्यायचं. आत्ता.”

“त्यांच्या मुलाची परवानगी लागेल. तो मुंबईत आहे, दिवसा फोन उचलत नाही. आणि सिस्टर, दवाखान्यात नेलं की गावभर होईल. इथे सलाईन लावते मी, संध्याकाळी डॉक्टर येणारच आहेत.”

“संध्याकाळपर्यंत या राहतील असं तू लिहून देतेस का?”

मी व्हरांड्यात गेले आणि सरांना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. नंबर त्यांनी दोनदा चुकीचा लावला. मग मीच लावला.

गाडी यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास माझ्या नोकरीतल्या कुठल्याही पाळीपेक्षा लांब होता. मी सलाईन लावायला घेतलं. शिरा सापडत नव्हत्या, सगळ्या बसलेल्या. दोन ठिकाणी सुई फुकट गेली. तिसऱ्या वेळी प्रमुख न सांगता समोर येऊन बसली, आजींचा हात आपल्या मांडीवर घेतला, मनगटाजवळ बोटाने चाचपलं आणि पहिल्याच टोचण्यात शीर धरली. हात जराही थरथरला नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता पट्टी चिकटवली.

रुग्णवाहिकेत आजींसोबत मी आणि आया बसलो. सर गाडी घेऊन मागून. खड्डा आला की आया आजींच्या कमरेखाली आपले दोन्ही हात सरकवून धक्का स्वतःवर घेत होती. थोड्या वेळाने ती आपण होऊन बोलायला लागली.

“बाई, कागद मी भरते. मॅडम सकाळीच भरून ठेवायला सांगतात, मंग दिवसभर सवड नाय म्हनून. दिवसाला मी येकटीच हाय. सात जन अंथरुनात व्हते, आता सहा. भरवायचं, हागमूत काडायची, धुवायचं. आजीला येकटीनं उलटवायची म्हंजे हाड मोडंल अशी भीती वाटते. सकाळी येकदा नि संध्याकाळी दुसरी बाई आली की येकदा, येवढंच होतं माझ्याच्यानं.”

“जखमेचं मॅडमला सांगितलंस?”

“तीनदा सांगितलं. मलम दिलं.” ती थांबली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “आजीच्या लेकीला फोन मीच केला व्हता. कोनाला सांगू नका. माझा नवरा कंपनीत कंत्राटावर हाय, कधी काम असतं कधी नाय. हे काम गेलं तर दुसरं नाय.”

मी सांगणार नाही म्हटलं. आजवर सांगितलं नव्हतं, आणि आज लिहिते आहे तेही तिला विचारून.

महाडला डॉक्टरांनी आजींना लगेच भरती केलं. सडलेला भाग कापून काढावा लागेल म्हणाले. रक्तात जंतू पसरायला लागलेत, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर हाती काही राहिलं नसतं. तीन वाजता लेक तुडीलहून आली. पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा. तिने आईला काचेतून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

“तुमी त्यांच्यातल्याच का?”

“मला बघायला पाठवलं होतं,” मी म्हटलं.

“मंग आज बघितलंत,” ती म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं मला वाटलं.

अहवाल लिहायला मी तीन दिवस घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख माझ्या घरी आली. बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, “सिस्टर, मी ट्रस्टकडे दोन वर्षं माणसं मागतेय. प्रत्येक वेळी पुढच्या बैठकीत बघू म्हणतात. मी स्वतः रोज बारा तास असते. हे लिहाल ना?”

“लिहीन.”

“आणि तक्ता?”

“तोही लिहीन.”

“माझी मुलगी यंदा बारावीला आहे,” ती म्हणाली. मी तिला आत यायला सांगितलं, पाणी दिलं. तिने भांडं हातात धरलं, प्यायली नाही. “त्या आजींना मी आई म्हणायचे,” ती म्हणाली. “तुम्हाला खोटं वाटेल.”

मला खोटं वाटलं नाही. जखम वाढत असताना ती रोज त्या खाटेजवळून जात होती आणि तरीही त्यांना आई म्हणत होती. थकलेल्या माणसाला असं करता येतं, हे मला ठाऊक होतं.

ट्रस्टच्या बैठकीला नऊ जण होते, मुंबईहून आलेले धरून. मी अहवाल वाचला. पाणी, जखमा (आणखी दोघांच्या टाचांवर त्या सुरू झाल्या होत्या), तक्ता, चार वाजताची खूण. दिवसाला सात आजारी माणसांमागे एक आया, हेही. माणसं मागणारे प्रमुखांचे तीन अर्ज सरांनी फायलीतून काढून दिले होते, ते मी टेबलावर ठेवले. मग कागद बाजूला सारून म्हटलं, “आणखी एक. न करता लिहायची ही सवय त्यांना लावणारी मी आहे. माझ्या वॉर्डात, माझ्यासमोर.”

एक ट्रस्टी घसा साफ करून म्हणाले, “हे इतिवृत्तात घ्यायची गरज नाही, बाई. जुनी गोष्ट आहे.”

“घ्या,” सर म्हणाले. तेवढा एकच शब्द. माझं म्हणणं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

केंद्राची प्रमुख भिंतीशी बसली होती, तिच्याकडे मी पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कबुलीने तिचं काही हलकं झालं नव्हतं. उलट मी माझंच ओझं तिच्यासमोर उतरवून घेतलं आणि तिचं तिच्या डोक्यावर तसंच राहिलं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि पुढेही अनेकदा वाटलं.

ट्रस्टने ठरवलं की आणखी तीन आया कामाला लागेपर्यंत कुणा नव्या वृद्धाला दाखल करून घ्यायचं नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेच्या गाद्या आणायच्या. प्रमुखपदावरून तिला कुणी काढलं नाही. महिन्याभराने तिने आपण होऊन राजीनामा दिला. आता ती माणगावकडे एका खाजगी दवाखान्यात आहे असं ऐकते. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

तुडीलच्या आजी साडेतीन महिने दवाखाना आणि लेकीचं घर यांच्यात होत्या. जखम भरली, पूर्ण नाही, पण भरली. त्या परत केंद्रात गेल्या नाहीत. लेकीने पडवीत खाट टाकली. मी अधूनमधून ड्रेसिंगला जात असे. पुढच्या उन्हाळ्यात त्या न्याहारी करून झोपल्या त्या उठल्या नाहीत. लेकीने मला कळवलं, आणि दिवसांना बोलावलंही. पंगतीत तिने मला घरच्या बायकांबरोबर बसवलं. ‘त्यांच्यातल्याच का’ हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही, मीही त्याचं उत्तर दिलं नाही.

केंद्रात मी आता पंधरा दिवसांनी मंगळवारी जाते, न कळवता, एसटीने. बिरवाडीची आया तिथेच आहे, आता तिच्या जोडीला दिवसा आणखी दोघी असतात. तक्त्यावर कधी एखादा चौकोन रिकामा असतो. पहिल्यांदा तसा दिसला तेव्हा मी तिला विचारलं, “इथे काय झालं?”

“नाय जमलं बाई,” ती म्हणाली. “पलीकडचं आजोबा पडलं व्हतं, तिकडं धावलो सगळ्या. म्हनून नाय लिवलं.”

मी त्या खाटेवरच्या आजींची पाठ उघडून पाहिली. कातडी कोरडी, लाल डाग नाही. मी चादर नीट केली आणि पुढच्या खाटेकडे गेले.